आवाज बंद करून बघा

परवा शनिवारी दुपारी टीव्हीवर 'शोले' लागला होता. कितव्यांदा बघतोय हे मोजणं मी कधीच सोडलंय. लेक नुकतीच झोपली होती, म्हणून बायकोने सरळ टीव्ही म्यूट केला. नेमका तेव्हाच तो सीन आला. जय माउथ ऑर्गन वाजवतोय आणि समोर राधा एकेक दिवा मालवत चाललीय.

मंडळी, आवाजाशिवाय तो सीन बघा एकदा. एक माणूस तोंडाशी काहीतरी धरून बसलाय आणि एक बाई रॉकेल वाचवतेय. बस्स, संपलं!

आम्हा प्रोग्रॅमर लोकांना ही सवयच असते. एखादी गोष्ट कशी चालते ते कळेना, की तिचा एक भाग काढून टाकायचा आणि काय बिघडतं ते बघायचं. इथे बिघडलं ते सगळंच. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. ती विधवा, हा भाड्याने आणलेला चोर. बोलणार तरी काय? जे काही बोलणं आहे ते आर. डी. बर्मनच्या त्या सुरात आहे. वाजवलाय भानू गुप्तांनी.

मग काय, किडा वळवळला. रात्री 'जॉज' काढला. हाही १९७५ चाच. जॉन विल्यम्सने पियानोवर ते दोन सूर वाजवून दाखवले तेव्हा स्पीलबर्गला म्हणे हसू आलं होतं, गंमत करतोय असं वाटून. पण शूटिंगमध्ये यांत्रिक शार्क सारखा बंद पडायचा. त्यामुळे बराच वेळ पडद्यावर शार्क नाहीच, आहेत ते हे दोन सूर. आणि खरी हुशारी पुढे आहे. दोन पोरं पुठ्ठ्याचा कल्ला लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते संगीत वाजतच नाही. म्हणजे संगीत प्रेक्षकाशी खोटं बोलत नाही. म्हणून ते वाजलं की आपण पाय वर घेतो, घरात सोफ्यावर बसलेलो असलो तरी.

रविवारी 'पथेर पांचाली' (१९५५). दुर्गा गेलीय. हरिहरला ते माहीत नाही आणि तो तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतोय. सर्वजयाचा बांध फुटतो. पण तिचं रडणं आपल्याला ऐकूच येत नाही! सत्यजित राय यांनी ते काढून टाकलं आणि तिथे तारशहनाई ठेवली. संगीत रविशंकरांचं, वाजवणारे दक्षिणामोहन टागोर. माझा म्यूटचा प्रयोग राय साहेब आधीच करून बसले होते की!

तर सांगायचा मुद्दा असा, की मोठा ऑर्केस्ट्रा असला म्हणजे संगीत लक्षात राहतं असं नाही. पडद्यावरचा माणूस जे बोलू शकत नाही ते त्याने बोलायला हवं. आणि उगाच सगळीकडे वाजायला नको.

आता खरं सांगतो. 'शोले'तली ती धून माझे बाबा वाजवायचे. वाईट वाजवायचे. तेवढी एकच यायची आणि तीही अर्धी. बाबा मायेने दोन शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. पण माझा दहावीचा निकाल लागला त्या रात्री गॅलरीत बसून त्यांनी ती तीनदा वाजवली होती. ते गेल्यापासून हा सीन आला की मी पाणी प्यायला उठतो. शनिवारी म्यूट होता म्हणून बसून राहिलो. मग रिमोट घेऊन मीच आवाज वाढवला. थोडासाच. उठलो नाही.

सिनेमा संपल्यावर कपाटातून बाबांचा माउथ ऑर्गन काढला. दोन पट्ट्या गंजल्यात, सूर लागत नाहीत. तरी अर्धी धून जमली.

लेक उठली. बायको जाम चिडली. असो.