पेव, अडसर आणि वेळापत्रक

अभिजात वळणाच्या रहस्यकादंबरीतला गुन्हा लेखकाला पहिल्या ओळीआधी संपूर्ण माहीत असावा लागतो आणि वाचकाला शेवटच्या प्रकरणात. मधल्या दोन-अडीचशे पानांत लेखकाने काहीही लपवायचे नसते. हेराला जे दिसले ते वाचकालाही दिसले पाहिजे, त्याच वेळी आणि तितक्याच स्पष्टपणे. एडगर ॲलन पो यांच्या १८४१ च्या कथेपासून हा प्रकार सुरू झाला असे मानतात. १८८७ मध्ये कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्स आणला आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत या प्रकाराला कडक शिस्त आली. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकाने तर दहा नियमच लिहून काढले. त्यांपैकी काही आज कालबाह्य आहेत, काही तर खटकणारे आहेत. पण हेराला सापडलेला धागा वाचकापासून दडवू नये, हा नियम टिकून आहे. नवा लेखक वाचकाला चकित करण्याच्या काळजीत असतो. खरी कसोटी प्रामाणिकपणाची असते, आणि ती फार अवघड आहे.

पहिली कादंबरी कशावर उभी राहते, हे पाहायला १९२० हे वर्ष उपयोगी पडते. त्या वर्षी दोन नवख्या लेखकांची पहिली पुस्तके आली. अगाथा ख्रिस्ती यांनी महायुद्धाच्या काळात टॉर्की गावच्या रुग्णालयात औषधे तयार करण्याच्या विभागात काम केले होते. कोणते द्रव्य कशात मिसळले की काय होते, हे त्यांना बाटल्या हाताळून ठाऊक झाले होते आणि पहिल्या कादंबरीतला खून त्याच ज्ञानातून घडला. गावात आलेल्या बेल्जियन निर्वासितांवरून त्यांना पॉयरो हा हेर सुचला. दुसरे लेखक फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स. ते आयर्लंडमध्ये रेल्वे अभियंता होते आणि लांबलेल्या आजारपणात त्यांनी ‘द कास्क’ (म्हणजे ‘पिंप’) लिहिली. पिंप कोणत्या गाडीने, कोणत्या बोटीने, किती वाजता कुठे पोहोचले, यावर तिचा सारा डोलारा उभा आहे. दोघांनीही ज्ञान वाचनातून उसने आणले नव्हते; कामाच्या जागेवरून ते घरी घेऊन आले होते.

मराठीत रहस्यकथेला वाचक कधीच कमी पडला नाही. गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधाराने ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्या रचल्या आणि दोन पिढ्यांना जागवले. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक छोटेखानी रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांसाठी लोक वाचनालयात नंबर लावून बसत. सुहास शिरवळकरांनी फिरोझ इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास उभे केले. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे दिला. भालबा केळकरांनी होम्स आणि अशोक जैन यांनी सत्यजित रायांचा फेलूदा मराठीत आणला. ही परंपरा श्रीमंत आहे, मात्र तिचा मुख्य जोर पाठलाग, धाडस आणि वेषांतरावर राहिला. वाचकाच्या हाती सगळे धागे देऊन त्याला हरवण्याची कादंबरी मराठीत त्या मानाने कमी लिहिली गेली. ती लिहू पाहणारा बहुतेक वेळा इंग्रजी बंगला, बटलर आणि दिवाणखान्यातली शेकोटी सोबत घेऊन येतो आणि तिथेच फसतो, कारण त्या घरातल्या दाराची कडी कशी बसते हे त्याला माहीत नसते.

उदाहरणार्थ, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कथा घडवणाऱ्याला असे काही उसने आणण्याची गरज नाही. हरिपूर आणि सांगलीवाडीतली हळदीची पेवेच पाहावीत. कृष्णाकाठची तिथली माती घट्ट आहे, पाणी झिरपू देत नाही. त्या मातीत अरुंद तोंडाचा, पोटाशी रुंद होत गेलेला, दोन-तीन पुरुष खोल खड्डा खणत, आतून पाल्याचे आणि चटयांचे अस्तर देत, हळकुंडे भरत आणि तोंड मातीने बंद करत. हळद तिथे वर्षानुवर्षे किडीशिवाय राहत असे. मालाची खरेदी-विक्री पेव न उघडता कागदावर होत असे. मालक बदलत, हळद जागच्या जागी असे. बंद पेवातला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कर्बवायू तळाशी साचतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. काही तास ते तसेच उघडे ठेवत, मग जळता कंदील दोरीने खाली सोडत. ज्योत टिकली तरच माणूस उतरत असे.

रहस्यकादंबरीला लागणारे सारे या एका रीतीत आहे. समजा, पेवांवर हयात घालवलेला मुकादम नुकत्याच उघडलेल्या पेवाच्या तळाशी मेलेला सापडतो. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, व्हिसेरा राखून ठेवतात. वाईट हवेने माणूस गेला, हे सगळ्यांना पटते आणि ते खरेही असते. प्रश्न वेगळाच आहे: ज्याने शेकडो हमालांना थांबायला शिकवले तो स्वतः का थांबला नाही? याचे एकच सरळ उत्तर आहे. पेव पहाटेच उघडले आहे, असे त्याला कोणीतरी सांगितले. म्हणजे खून एका वाक्याने झाला. ना शस्त्र, ना विष, ना ठसे.

आता ते उत्तर वाचकासमोर आधीच ठेवायचे आहे. थांबण्याची रीत दुसऱ्याच प्रकरणात यावी, पण हवेचा धडा म्हणून नव्हे. हमाल पेवाच्या कडेला बसून आहेत, अडत्या चिडला आहे, बसल्या वेळेची मजुरी द्यायची की नाही यावरून वाद पेटला आहे. वाचकाचे लक्ष मजुरीत गुंतते आणि रीत त्याच्या डोक्यात जाऊन बसते. पुढे एक साक्षीदार सांगतो की कंदील सोडून पाहिला होता, चांगला जळत होता. पंचनाम्यात कंदिलाचे वर्णन येते: काच स्वच्छ, टाकी काठोकाठ. पंचनाम्यात अशा दहा वस्तू असतात, त्यांत हा कंदील पाचवा असावा. यादीतल्या पहिल्या आणि शेवटच्या वस्तूकडे वाचक नीट पाहतो, मधल्यांवरून त्याची नजर घसरते. हे ख्रिस्तीबाईंना उत्तम साधत असे आणि सरावाने ते कोणालाही साधू शकते.

पेवाचा याहून वेगळा उपयोगही आहे. अनेक वर्षे न उघडलेल्या, कागदोपत्री पाच हातांतून फिरलेल्या पेवात हळदीखाली हाडे सापडली, तर आत कोण शिरले हा प्रश्नच उरत नाही. पेव भरताना कोण हजर होते, एवढेच शोधायचे उरते, आणि त्याचे उत्तर वखारीच्या जुन्या वह्यांत असते. मात्र इथे एक पथ्य फार महत्त्वाचे. हमालाचे ज्ञान हा कथेचा कणा आहे, सजावट नव्हे. ते ज्याच्याकडून मिळाले त्या वर्गातला माणूस कादंबरीत केवळ प्रेत किंवा संशयित होऊन राहू नये. कोडे सोडवण्यात त्याचा वाटा दिसला पाहिजे.

बंद खोलीचे कोडे हा या प्रकारातला सर्वांत मानाचा खेळ. जॉन डिक्सन कार यांनी १९३५ च्या ‘द हॉलो मॅन’मध्ये त्याच्या सगळ्या तऱ्हा हेराच्या तोंडून एका प्रकरणभर सांगून टाकल्या. त्यांतल्या बऱ्याच युक्त्या किल्ली, दोरा आणि नाजूक खिट्टी यांच्या आहेत. वाड्याच्या दाराला त्या लागू पडत नाहीत. तिथे अडसर असतो: भिंतीच्या जाडीतल्या भोकातून ओढून काढायचा आणि पलीकडच्या खाचेत सरकवायचा जाड लाकडी वासा. तो बाहेरून दोऱ्याने हलत नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा कृष्णाकाठचा वाडा आहे. त्याच्या चौकांतून, जिन्यांतून आणि दारांतून एक दिवस निवांत हिंडले तर कोणती युक्ती शक्य आणि कोणती अशक्य, हे आपोआप कळते. अडसर पूर्ण सरकलेला दिसतो पण खाच मातीने बुजलेली असल्याने तो अडकलेलाच नसतो, ही एक शक्यता. खुनी रात्रभर आतच होता आणि गलका झाल्यावर गर्दीत मिसळला, ही दुसरी. दार उघडेच होते आणि ‘अडसर मी काढला’ असे सांगणाराच खोटा आहे, ही तिसरी. नवख्या लेखकाला ती सर्वांत चांगली, कारण तिला यंत्र लागत नाही, माणूस लागतो. पूर्वेकडे माण-खटाव, आटपाडी, जतच्या बाजूला धाब्याची घरे. शेजारच्या धाब्यावरून चालत येता येते आणि उजेडासाठी छताला सवणे ठेवलेले असते. तिथे दार कितीही घट्ट लावले तरी खोली बंद होत नाही.

मातीचा धागाही इथे जिवंत आहे. पँटवरचा चिखल पाहून तो लंडनच्या कोणत्या भागातला हे होम्स सांगत असे. महाबळेश्वर-कासच्या पठारावर तांबडा जांभा, कृष्णेच्या खोऱ्यात काळी कसदार जमीन, माणदेशात मुरूम. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर माण-जतला पाचशेच्या आसपास. एकाच जुलैतल्या एकाच दिवशी एकाची छत्री निथळत असते आणि दुसऱ्याच्या चपलेवर धूळ असते. दिवसभर माणमधल्या म्हसवडला होतो म्हणणाऱ्याच्या चपलेच्या टाचेत तांबडी ओल सापडली, तर हेराला फार बोलावे लागणार नाही.

वेळेच्या कोड्यासाठी मिरज जंक्शनइतकी दुसरी जागा सापडणे अवघड. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला. दक्षिणेकडची वाट मीटरगेजच राहिली, पंढरपूर-कुर्डुवाडीकडची नॅरोगेज. पुढे दोन दशकांहून अधिक काळ तिन्ही मापांचे रूळ एका स्थानकात होते आणि त्या दोन वाटांनी पुढे जाणाऱ्याला गाडी बदलावीच लागे. बदलण्यातला तो मधला वेळ क्रॉफ्ट्स यांच्या हाती पडता तर त्यांनी त्यावर चार कादंबऱ्या लिहिल्या असत्या.   कथा ज्या वर्षी घडते त्या वर्षाचे छापील वेळापत्रक लेखकाकडे असलेच पाहिजे. अंदाजाने लिहिलेली गाडी जाणकार वाचक लगेच पकडतो.

थांबलेले घड्याळ ही या कथांतली घासून गुळगुळीत झालेली खूण. कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, त्यातून तिला खरा आधार मिळू शकतो: घड्याळ भूकंपाने थांबले, की कोणीतरी नंतर त्या वेळेवर आणून ठेवले? पण त्या पहाटे खरी माणसे गेली आणि त्यांची घरे अजून नांदती आहेत. असे साहित्य वापरायचे तर मृतांचा मान राखून, नाहीतर दुसरे घड्याळ शोधावे.

काळ निवडताना मोबाइलचा विचार आधी करावा. आज टोलनाक्यावरची नोंद आणि फोनचा ठिकाणा यांनी निम्मी कोडी तासाभरात सुटतात. त्या दृष्टीने २००५ हे वर्ष सोयीचे आहे आणि त्याला हेतूही जोडून येतो. जुलैअखेर कृष्णेला महापूर आला, सांगलीत पाणी शिरले, हरिपूरची पेवे बुडाली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला होता, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राच्या दुरुस्तीने त्याही वाटेकरी झाल्या. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी मात्र अबाधित राहिली, आणि अशी वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेली असावी, अशी कायद्यात अट आहे. जुन्या तारखेचे वाटणीपत्र आपल्याकडे आहे म्हणणारा भाऊ, ते पुरात गेले म्हणणारी वखार आणि दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदच नाही हे ठाऊक असलेला मुकादम. सातबारा आणि फेरफाराची भाषा इथल्या घराघरांत समजते, त्यामुळे हा हेतू वाचकाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

हेर कोण, हा प्रश्न यानंतर फारसा अडत नाही. खाजगी गुप्तहेर या भागात परका वाटतो. गावचा पोलीस पाटील जवळचा: १९६७ च्या कायद्याने नेमलेला, संशयास्पद मृत्यूची खबर द्यायला बांधलेला, तरी पोलीस नसलेला. तपास त्याच्या हाती नसतो, पण प्रत्येक घरात त्याला चहा मिळतो. औषध दुकानातली बाई, निवृत्त स्टेशनमास्तर, तलाठी हेही चालतील. ज्या कामाची खडान्‌खडा माहिती कोड्याला लागते ते काम हेराचे असावे, किंवा निदान त्याच्या जिवलगाचे.

लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या उलट असतो. आधी गुन्ह्याच्या दिवसाचा तासवार तक्ता, प्रत्येक पात्राचा वेगळा. त्याखाली प्रत्येकाने काय खोटे सांगितले आणि का. निरपराध माणसेही खोटे बोलतात, आणि त्यांच्या खोट्यामागे लाज, कर्ज, प्रेम असे काही तरी खरे असावे लागते. मग धाग्यांची यादी: कोणता कोणत्या प्रकरणात येतो आणि तिथे वाचकाचे लक्ष कशाकडे असते. एवढे कागदावर उतरल्याखेरीज पहिले प्रकरण लिहायला घेऊ नये. उलगड्याचे प्रकरण मात्र सर्वांत आधी लिहून ठेवणे चांगले, कारण तिथे हेराला न सांगता आलेली गोष्ट म्हणजे मध्ये कुठेतरी राहिलेला धागा.

उलगडा कुठे व्हावा, यावर ख्रिस्ती यांनाही पहिल्या पुस्तकात पुन्हा काम करावे लागले. त्यांनी तो कोर्टात साक्षीच्या रूपाने लिहिला होता. प्रकाशकाने तो बदलायला लावला आणि सगळ्यांना एका खोलीत बसवून सांगण्याची प्रसिद्ध रीत त्यातून आली. हरिपूरच्या कथेत अशी खोली शोधायची गरज नाही. बाराव्या-तेराव्याला सगळे नातलग, वाटेकरी आणि मुकादमाचे सोबती तसेही एका ओसरीवर जमतात.

हस्तलिखित पुरे झाले की दोन वाचक लागतात. एक, अशा कथा भरपूर वाचलेला. त्याने प्रत्येक प्रकरणाअखेर आपला संशय कोणावर आहे ते लिहावे. तिसऱ्या प्रकरणातच खरे नाव आले तर धागा फार उघडा आहे. उलगडा वाचूनही तो मागची पाने उलटत नसेल तर धागा पडलेलाच नाही. दुसरा, पेवावर काम केलेला माणूस. पेव किती वेळ उघडे ठेवत, कंदील कोण सोडत असे, दोर कोण धरत असे, एवढीच पाने त्याला वाचून दाखवावीत आणि तो जिथे थांबवेल तिथे तो सांगेल तसे लिहून घ्यावे.