खाली

कटंगीच्या बाजारात दुकानावर घर असतं. खालच्या मजल्यावर किराणा, कापड नाहीतर खत-बियाणं, वरती माणसं, आणि जिन्याजवळच्या भिंतीत एक पत्र्याचा डबा. मीटरकडून आलेली केबल त्या डब्यात शिरते आणि तिथून घरभर फाटे फुटतात. असे डबे उघडणं हे माझं सत्तावीस वर्षांचं काम. झाकण काढलं की मी लगेच हात घालत नाही. आधी बॅटरी मारून वाचायला काही आहे का ते बघतो. बहुतेक वेळा नसतं. दहा-बारा लाल वायरी, तितक्याच काळ्या, धुळीचा थर, पालीची अंडी. मग कोणती वायर कुठे जाते हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. पोरगा वरच्या खोलीत बल्ब धरून उभा, मी खाली एकेक वायर लावून बघतोय, आणि जिन्यातून हाका. "पेटला?" "नाही." "आता?" घरमालकाला वाटतं मिस्त्री मजुरी वाढवतोय. आधीच्या मिस्त्रीने पाच मिनिटं देऊन वायरींना टॅग बांधले असते, तर हा अर्धा दिवस गेलाच नसता.

टॅग बांधण्याचं काम शेवटी करायचं नसतं, ही गोष्ट मला उशिरा समजली. कॉइलमधली वायर पाइपात सरकवली, पलीकडून पोराने ओढून घेतली, त्याच्या टोकाला त्याने खूण केली, पण माझ्या हाताशी अजून अख्खी कॉइलच असते. इथे खूण न करता पक्कड चालवली की ही वायर पाइपातून बाहेर आलेल्या इतर चौघींसारखी होऊन जाते. म्हणून आधी मास्किंग टेपची झेंडी, तिच्यावर बॉलपेनने नाव, आणि मगच कापणं. सगळी जोडणी होऊन दिवे लागले की झेंडीच्या जागी पक्का टॅग. तो म्हणजे नायलॉनची टाय, तिच्यावर नखाएवढी सपाट पट्टी. लिहायचं आधी, टेबलावर ठेवून, आणि बांधायचं नंतर. लटकत्या पट्टीवर लिहिलेलं अक्षर हमखास वाकडं येतं. डब्याच्या तोंडापासून वीतभर आत, सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला वळवून बांधतो, म्हणजे उघडणाऱ्याला वायर पिरगळावी लागत नाही. पिरगळली की जुन्या वायरीचं इन्सुलेशन तडकतं. पट्टीवर दोन्ही गावं लिहितो, कुठून आली आणि कुठे गेली. आकडे 1, 2, 3 असेच घालतो, कारण शाई उडाली की १ आणि ९ एकमेकांसारखे दिसायला लागतात. 6 आणि 9 खाली रेघ मारल्याशिवाय सोडत नाही.

शाईचा प्रश्न वेगळाच. आमच्याकडचा मे महिना पक्क्या मार्करलाही पक्का राहू देत नाही. गच्चीवरच्या टाकीच्या केबलीला बांधलेला टॅग दोन उन्हाळ्यांत आधी जांभळट आणि मग कोरा होतो. पांढरी टाय तर उन्हाने खडूसारखी मोडते, काळी मात्र टिकते. कागदाच्या चिठ्ठीवर सेलोटेप लावायची सवय आमच्या पिढीला होती. तिचा गोंद पाझरतो, चिठ्ठी तपकिरी होते आणि शेवटी मुंग्या लागतात. गच्चीसाठी आता मी ॲल्युमिनियमची पट्टी कापतो आणि तिच्यावर लोखंडी पंचने आकडे ठोकतो. ठोकलेला आकडा ऊन पुसू शकत नाही. बोट फिरवलं तरी वाचता येतो, आणि लाइट गेलेली असताना तेच हवं असतं.

शेतावर नाव न घातल्याचा दंड मोटर भरते. मोठ्या मोटरीला स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. मोटरीतून सहा टोकं निघतात. जुन्या मोटरींवर ए1, बी1, सी1, ए2, बी2, सी2, नव्यांवर यू1, व्ही1, डब्ल्यू1 आणि पुढे त्यांच्या जोड्या. ही सहा टोकं तीन-तीन कोरच्या दोन केबलींतून स्टार्टरपर्यंत येतात, म्हणजे दोन लाल, दोन पिवळ्या, दोन निळ्या. रंग इथे अर्धंच सांगतो. कोणती लाल पहिली आणि कोणती दुसरी, हे चुकलं की मोटर भुणभुणते, तापते, आणि शेतकरी धानाला पाणी देण्याऐवजी रिवाइंडिंगवाल्याकडे जातो. पॅनेल बांधणारी माणसं वायरीत पिवळ्या नळीचे आकडे ओवतात, त्यांना फेरूल म्हणतात. अशा खुणांसाठी भारतीय मानकही आहे, आयएस 11353, 1985 सालचं. आमच्या भागात ते कुणी वाचलेलं मला भेटलं नाही, मीही बऱ्याच उशिरा वाचलं. पण फेरूलची पिशवी मी कधीचीच जवळ बाळगतो.

आता भाषेबद्दल. आमचा बालाघाट जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. 1 नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. बावनथडीच्या पलीकडे तुमसर तालुका, तिथे आमच्या सोयरिकी. घरात कुणी पोवारी बोलतं, कुणी मराठी, बाजारात आणि कचेरीत हिंदी. मी मराठीत विचार करतो, म्हणून टॅगही मराठीत लिहायचो. लिपी एकच, तेव्हा सगळ्यांना वाचता येईल, असं मी धरून चाललो होतो.

बाजारातल्या एका घरात मी जिन्यातल्या डब्यात दोन केबलींना दोन टॅग बांधले होते. एक "वर", एक "खाली". खालच्या केबलीवर दुकान चालायचं. सहा-सात वर्षांनी त्या घरात वरती एसी बसवायला दुसऱ्या मिस्त्रीचा पोरगा आला, हिंदी बोलणारा. डब्यात जागा नव्हती. त्याने टॅग वाचला. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. ही केबल वापरात नाही, असं समजून त्याने पक्कड लावली.

मला बोलावलं तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. उजव्या तळव्याला फडकं गुंडाळलेलं, पक्कडीचा जबडा वितळून त्याला चण्याएवढी खाच पडलेली. माझ्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, "भैया, उसपे तो खाली लिखा था."

त्याने टेस्टर लावायला हवा होता, हे त्याच्या मिस्त्रीनेच त्याला सांगितलं. पण टॅग माझा होता. टॅगच नसता तर पोरगा घाबरून राहिला असता, तपासून बघितलं असतं. माझं अक्षर सुवाच्य होतं, शाई उडालेली नव्हती, म्हणूनच त्याने विश्वास ठेवला.

2 जून 2023 ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली आणि 290हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत जी कारणं निघाली त्यांत एक हेही होतं की रुळांकडेच्या सिग्नलच्या पेटीत वायरींवर चुकीची नावं होती आणि ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. रेल्वे फाटकाचं काम करणाऱ्यांनी त्या नावांवर भिस्त ठेवून जोडणी केली. ती बातमी मी दुकानात उभ्यानेच वाचली. किती मोठी रेल्वे आणि किती लहान मी, पण पेटी उघडून नाव वाचणारा माणूस दोन्हीकडे एकाच जागी उभा असतो. मला तो पायरीवरचा पोरगा दिसत राहिला.

"खाली"च्या जागी काय लिहावं, यावर मी बरेच दिवस घालवले. "ग्राउंड" लिहावं तर आमच्या धंद्यात ग्राउंड म्हणजे अर्थिंग, ते आणखी वाईट. "तळमजला" हिंदीवाल्याला कळत नाही, "नीचे" म्हाताऱ्या मराठी मिस्त्रीला खटकतं. शेवटी दिशा लिहिणंच सोडलं. जिथे वायर जाते त्या जागेचं नाव लिहायचं, दोन्ही भाषांत एकच असलेलं. दुकान. गोदाम. मोटर. गच्चीला "छत". वापरात नसलेली वायर असेल तर दोन्ही टोकं वेगळी करून, टेपने बंद करून तिच्यावर "बंद" लिहितो, आणि तारीखही.

मग राहिला प्रश्न जुन्या टॅगांचा. जुन्या बिलबुकांवरून आणि आठवणीने मी वहीत यादी केली, जिथे जिथे मी "वर" आणि "खाली" लिहिलं होतं त्या घरांची. एकूण एकोणीस भरली. रविवारी बाजार बंद झाला की जातो, सप्लाय बंद करून डबा उघडतो, जुनी टाय कापतो, नवी बांधतो. पैसे घेत नाही, तेव्हा लोकांना काहीतरी चुकलंय असं वाटतं, आणि मी हो म्हणतो, चुकलंय.

सतरा घरं झाली. एका घरी लग्न आहे, त्यांनी पुढच्या महिन्यात या म्हटलंय. दुसऱ्याला कुलूप आहे, मालक नागपुरात मुलाकडे असतो. त्याचा नंबर मिळाला आहे, दिवाळीला तो येईल तेव्हा फोन करायचा आहे.