पडल्यानंतरचे पहिले वाक्य

फिगर स्केटिंगमधली उडी हवेत एक सेकंदही टिकत नाही. तेवढ्यात विचार करून काही सुधारता येत नाही. कोचला जे सांगायचे ते उडीआधी, नाहीतर पडल्यावर. म्हणून बर्फावरून उठणाऱ्या मुलीच्या कानावर पडणारे पहिले वाक्य तिच्या अंगाला कळते का, हे कोच निवडताना सर्वांत आधी पाहावे. त्याच्या विद्यार्थ्यांनी पदके किती मिळवली, हा प्रश्न नंतरचा.

सहा मुख्य उड्यांपैकी पुढे तोंड करून घ्यायची उडी एकच, ॲक्सेल. उतरायचे मात्र पाठमोरे, त्यामुळे तिच्यात अर्धा फेरा जास्त. नवशिके इथे घाई करतात. पाते बर्फ सोडण्याआधीच खांदे वळवतात. यावर एक कोच म्हणेल, "खांदे आवर." दुसरा म्हणेल, "समोर पायरी आहे असे समज, ती चढ, मग फिर." तिसरा न बोलता स्वतः करून दाखवेल. चौथा व्हिडिओ नेमक्या क्षणाला थांबवेल, तर पाचवा कमरेला हार्नेस बांधून दोरीने तोलून धरेल, म्हणजे उडीची उंची शरीराला एकदा अनुभवता येईल. चूक एकच, पण प्रत्येकाला उमगणारी वाट निराळी.

मात्र यावरून मुलांवर ‘डोळ्यांनी शिकणारा’, ‘कानांनी शिकणारा’ असे कायमचे शिक्के मारणे घातक आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा वर्गवारीप्रमाणे शिकवल्याने शिक्षण सुधारते याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. उलट हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासक गाब्रिएले वुल्फ यांच्या प्रयोगांतून दिसते की लक्ष स्वतःच्या अवयवांवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवले, तर कौशल्य बहुधा लवकर रुजते. पायरीचे वाक्य खांद्याच्या वाक्यापेक्षा अनेकदा उपयोगी पडते, ते यामुळेच. खरा फरक स्वभावाचा असतो. कुणाला कारण कळल्याशिवाय पाऊल उचलवत नाही, कुणाला सलग दहा प्रयत्नांत मध्ये कुणी बोललेले खपत नाही. प्रौढपणी शिकायला आलेल्याला पडण्याची भीती मोठी. त्याला नीट पडायला शिकवणारा कोच आधी हवा.

स्वभावाचा हा फरक नामवंतांतही दिसतो. जपानचा स्केटर युझुरू हान्यू २०१२ मध्ये टोरोंटोला कोच ब्रायन ऑर्सर यांच्याकडे शिकायला गेला. हाविएर फर्नांडिस हा त्याचा प्रतिस्पर्धी तिथेच शिकत होता; २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये हान्यूला सुवर्ण आणि फर्नांडिसला कांस्य मिळाले. प्रतिस्पर्धी शेजारी असला की काहींचे बळ वाढते, काहींचे खचते; हेही निवडीआधी ओळखायला हवे. याच ऑर्सर यांच्या हाताखाली दक्षिण कोरियाच्या युना किमने २०१० चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि त्याच वर्षी दोघे वेगळे झाले. अमेरिकेच्या मिशेल क्वानने २००१ मध्ये आपले कोच फ्रँक कॅरोल यांची साथ सोडली. तेच कॅरोल २०१० मध्ये अमेरिकेच्याच इव्हान लायसाचेकच्या ऑलिंपिक सुवर्णामागे उभे होते. साथ सुटली म्हणून कोच वाईट ठरत नाही. एका टप्प्याला जुळलेले पुढच्या टप्प्याला जुळेलच असे नसते.

चाचणीचा एक तास घ्यावा. त्याआधी कठड्याबाहेर उभे राहून त्याच कोचचा दुसऱ्या कुणाबरोबरचा तास पाहावा. तीच चूक तिसऱ्यांदा झाली की तो तेच वाक्य आवाज चढवून म्हणतो, की वाक्यच बदलतो? तास संपल्यावर मुलीला विचारावे, "आज काय सांगितले?" तिने स्वतःच्या शब्दांत सांगितले तर जुळण्याची आशा आहे. वजनावरून टोचून बोलणे किंवा दुखते म्हटल्यावर गप्प बसवणे याला शिकवण्याची पद्धत म्हणू नये. तिथे दुसऱ्या तासाची वाट पाहू नये.

एरवी कोच बदलायचा ठरला, तर आधीच्या कोचला ते समोर बसून सांगावे, राहिलेली फी चुकती करावी आणि मगच नव्या कोचबरोबर बर्फावर उतरावे.