ओळंब्याची रेघ

घराच्या भिंतीला आपला हात फारसा लागत नाही. दिव्याचं बटण, एखादा खिळा, कॅलेंडर, एवढ्यापुरताच तिचा आणि आपला संबंध. रंग काढायचा झाला तर रंगारी येतो. आपण सामान खोलीच्या मध्यावर ओढतो, त्यावर जुन्या चादरी टाकतो आणि काम उरकेपर्यंत दुसऱ्या खोलीत झोपतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात वॉलपेपर लावायचं ठरलं तेव्हा कारागिराची मजुरी काही केल्या खर्चात बसेना, म्हणून काम आईनं आणि मी अंगावर घेतलं. त्या निमित्तानं ती भिंत इंच न् इंच माझ्या हाताखालून गेली. ज्या घरात इतकी वर्षं राहतो, त्याची ही ओळख मला मोलाची वाटते.

सुरुवात तळहातापासून. भिंतीवरून हात फिरवला आणि तो पांढरा झाला, तर जुनं डिस्टेंपर सुटतंय असं समजायचं. तिथे कागद टिकत नाही, कारण तो भिंतीऐवजी त्या भुकटीला चिकटतो आणि तिच्यासकट उतरतो. मग बादली, स्पंज, पोपडे खरवडायला पत्रा, खड्ड्यात लांबी आणि लांबी वाळली की पॉलिश पेपर. हे घासकाम सगळ्यांत कंटाळवाणं म्हणतात. मला तेच आवडलं. बोटांना एका जागी बारीक उंचवटा लागला, तिथून पूर्वी ट्यूबलाइटची वायर गेली होती. डोक्याच्या उंचीवर बुजवलेल्या खिळ्यांची एक रांग सापडली. आमच्या आधी इथे राहणाऱ्यांनी तिथे फोटो लावले असणार, आणि तेही बऱ्यापैकी उंच माणसानं. खिडकीखाली मात्र हाताला गारवा लागला, आणि मी थांबले.

गारवा म्हणजे ओल असेलच असं नाही, पण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पातळ प्लास्टिकचा चौकोनी तुकडा त्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बंद करायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या हवेतली. आमचा तुकडा कोरडा निघाला. नसता निघाला तर आम्ही तो बेत सोडला असता, कारण ओल्या भिंतीवर कागद लावणं म्हणजे बुरशीला पांघरूण घालणं. आपल्या कोकणपट्टीत बाहेरून पाऊस झेलणारी पश्चिमेची भिंत या कामाला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि काम थंडीत करावं, पावसाळ्यात नाही.

पैशाचं गणित सोपं आहे, पण ते दुकानात जायच्या आधी करावं. सर्रास मिळणारा रोल ५३ सेंटीमीटर रुंद आणि १० मीटरच्या किंचित वर लांब असतो. दुकानदार त्याला ५७ चौरस फुटांचा रोल म्हणतात. भिंत १० फूट रुंद असेल तर तिला ६ पट्टे लागतात. छत साडेनऊ फुटांवर असेल तर कापायला वर-खाली थोडा कागद धरूनही एका रोलमधून ३ पट्टे निघतात, म्हणजे २ रोलमध्ये काम होतं. हेच छत जुन्या इमारतीत ११ फुटांवर गेलं की रोलमधून दोनच पट्टे निघतात आणि ३ रोल घ्यावे लागतात. नक्षी मोठी असली तर ती जुळवताना आणखी कागद वाया जातो. म्हणून नवख्यानं बारीक नक्षीचा कागद घ्यावा आणि एकच भिंत करावी. सगळ्या रोलांवरचा बॅच नंबर एक आहे ना, तेही पाहावं, नाहीतर रंगात फरक पडतो. पाठीला गोंद असलेले स्टिकर रोल स्वस्त असतात, पण ते कपाटाच्या दारांना बरे. उरलेले पैसे लांबी आणि प्रायमरवर घालावेत.

कागद आणि खळ यांचं नातं आईला माझ्याआधी ठाऊक होतं. राजापूरकडे तिच्या माहेरी माजघराच्या कुडाला वर्तमानपत्रं लावत, चुलीवर शिजवलेल्या मैद्याच्या खळीनं. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद पडायचं आणि मग मुलांना त्या भांड्याच्या आसपास फिरकू देत नसत. एक पान कुणीतरी उलटं चिकटवलेलं होतं. ते वाचायला आई मान वाकडी करून उभी राहायची. आमच्या कागदावर पानं आणि बारीक पक्षी होते. प्रत्येक पट्टा कापला की ती आधी त्याची वरची बाजू शोधून मागे पेन्सिलीनं बाण काढायची. आम्ही गोंद मात्र तयार भुकटीचा घेतला, पाण्यात कालवायचा. खळीला झुरळं येतात, कसर लागते.

कमी पैशात भिंत सजवायची ही धडपड जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७१२ साली नक्षीच्या कागदावर कर बसला, तेव्हा लोक कोरा कागद आणून भिंतीला लावत आणि मग त्यावर हातानं नक्षी उठवून घेत. तो कर १८३६ पर्यंत होता. दुसऱ्या टोकाला फ्रान्समधल्या झ्यूबेरच्या कारखान्यानं १८०७ साली छापलेलं ‘हिंदुस्थान’ हे भित्तिदृश्य. डॅनियल या इंग्रज चित्रकारांच्या चित्रांवरून बेतलेले आपले घाट, देवळं, हत्ती एकापुढे एक २० पट्ट्यांत मांडलेले. ज्यांनी हा देश कधी पाहिला नाही त्यांच्या दिवाणखान्यात तो उभा राहिला. पण तिथेही कुणीतरी घोडीवर चढून पहिला पट्टा सरळ लावला, म्हणून पुढचे एकोणीस जुळले.

सगळं काम त्या पहिल्या पट्ट्यावर आहे. भिंतीचा कोपरा सरळ आहे असं आपण धरून चालतो. ओळंबा सोडला की खरं काय ते कळतं. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोऱ्याला जड नट बांधावा. कोपऱ्यापासून ५० सेंटीमीटरवर तो सोडला, हलायचा थांबू दिला आणि दोऱ्याच्या मागे पेन्सिलीनं रेघ मारली. छतापाशी ५० असलेलं अंतर जमिनीपाशी ५१ भरलं. कागद कोपऱ्याला धरून लावला असता तर शेवटच्या पट्ट्यापर्यंत सगळे पक्षी एका बाजूला कलले असते. रेघेला धरला, आणि जास्तीचे दोन-तीन सेंटीमीटर कोपऱ्यात वळवून दिले.

गोंद लावलेला पट्टा लगेच लावायचा नसतो. गोंदाची बाजू आत घेऊन साडीसारखी सैल घडी घालायची आणि पाकिटावर लिहिलेली मिनिटं तसाच ठेवायचा. कागद भिजून फुगतो तो टेबलावरच फुगू द्यावा, भिंतीवर नाही. पंखा बंद. मी घोडीवर, आई खाली.

“वरून दोन बोटं जास्त सोड.”

“सोडलीत. रेघ धरलीस का तू?”

“धरली. आता मधनं पूस, कडेनं नको.”

मधून बाहेर, वरून खाली ब्रश फिरवत गेलं की हवा कडेनं निघून जाते. बारीक फुगे राहतात, त्यांना टोचत बसू नये. कागद वाळताना आखडतो आणि बहुतेक फुगे आपोआप बसतात. बटणांच्या बोर्डापाशी मात्र मेन स्विच बंद करूनच हात घालायचा, प्लेट सैल करून कागदाला तिरपा फुलीचा छेद द्यायचा आणि कडा प्लेटखाली सारायच्या. ओला कागद बोथट पात्यानं फाटतो, म्हणून कटरचं टोक सतत मोडत जायचं. त्यात काटकसर नको.

शेजारच्या काकू पाहून गेल्या. त्यांना बेडरूमची भिंत करायची आहे, आणि ती नेमकी पश्चिमेची. मी त्यांना दुसरी भिंत सुचवली, पण त्यांचं मन त्याच भिंतीवर आहे. दिवाळीनंतर आधी बाहेरच्या भेगा बुजवून घ्यायच्या, मग प्लास्टिकचा चौकोन लावायचा, असं ठरलं आहे. तो कोरडा निघाला तर मी आणि आई ओळंबा घेऊन जाऊ.