आधी वाक्य, मग शब्द

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं नातीच्या फोनचं.

नात पुण्याला असते, सहावीत, इंग्रजी माध्यमात. परवा रविवारी तिचा फोन आला, "आबा, 'प्राऊड'ला समानार्थी शब्द सांगा ना!" बाईंनी वहीत पाच रकाने पाडायला सांगितले आहेत म्हणे. शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी आणि वाक्य. मी इतका वेळ गप्प राहिलो की तिला वाटलं फोन कट झाला.

हे रकाने मी कितीतरी वर्षं फळ्यावर आखले आहेत. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. शाळेत इंग्रजी शिकवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तो विषय माझ्याकडे आला. माझी सगळी भिस्त तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि एका जाडजूड डिक्शनरीवर. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं. पोरं मागे आहेत, शब्द वाढले की भाषा येईल, असा माझा हिशोब. रोज दहा शब्द फळ्यावर, दुसऱ्या दिवशी पाठांतर.

१९८६ सालची गोष्ट. आठवीचा वर्ग. 'प्राऊड'पुढे मीच समानार्थी म्हणून 'ॲरोगंट' लिहून दिलं होतं. डिक्शनरीत दोन्हीचा अर्थ 'गर्विष्ठ' असा होता, विषय संपला! दुसऱ्या दिवशी वाक्यं वाचायला सांगितली. बाकीच्यांनी गाईडातली वाक्यं वाचली. एका मुलीने मात्र स्वतःचं वाक्य केलं होतं. तिचे वडील एका केळीच्या बागेत सालगडी होते. ती उभी राहिली आणि मोठ्याने वाचलं, "माय फादर इज ॲरोगंट ऑफ मी."

मी हसलो. सर हसले म्हटल्यावर वर्ग कशाला मागे राहतो! ती खाली बसली. त्यानंतर वर्षभर तिनेही गाईडातलीच वाक्यं वाचली. सगळी बिनचूक. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खरं तर तिला मराठीत विचारलं असतं, तर वडिलांना माझा अभिमान आहे की घमेंड आहे, हे तिने झोपेतसुद्धा बरोबर सांगितलं असतं. अभिमान, गर्व, ताठा, घमेंड यांतला फरक आपल्याला कुणी पाठ करायला लावत नाही. कोण कुणाला काय म्हणतंय हे ऐकूनच तो कळतो. चूक रकान्याची होती, म्हणजे माझी होती.

विरुद्धार्थीचंही तसंच. 'ओल्ड'च्या उलट काय? माणूस असेल तर 'यंग', सदरा असेल तर 'न्यू'. 'लाइट'च्या उलट ओझं असेल तर 'हेवी', रंग असेल तर 'डार्क'. आपला 'कच्चा' घ्या. अर्धापूरचं कच्चं केळं पिकतं, कच्चा भात शिजतो आणि कच्चा रस्ता पक्का होतो. वाक्य समोर नसेल तर शब्दाची उलट बाजू सांगताच येत नाही. हॉर्नबी नावाच्या इंग्रज शिक्षकाने जपानमध्ये शिकवताना हे ओळखलं होतं. परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठी त्याने सहकाऱ्यांबरोबर केलेला शब्दकोश १९४२ साली तिथेच निघाला, पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. शब्द वाक्यात कसा बसतो, यावर त्यात भर आहे. मी तो निवृत्तीनंतर पाहिला. असो.

काही वर्षांपूर्वी ती मुलगी बसस्टँडवर भेटली. सोबत तिची शाळकरी लेक. वाकून नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली. मी लेकीच्या अभ्यासाचं विचारलं. म्हणाली, "बाकी सगळं मीच घेते सर. इंग्रजीला तेवढी मी तिच्याजवळ बसत नाही." हसतच म्हणाली. तेवढ्यात नांदेडची गाडी लागली. 'माझं चुकलं' एवढं म्हणायचं राहून गेलं. तिला ते वाक्य आठवत होतं की नाही, तेही विचारलं नाही.

नातीला मी सांगितलं, "बाळा, समानार्थी नंतर बघू. आधी शेवटचा रकाना भर. तुला कधी कुणाचा अभिमान वाटला, ते लिही." ती वैतागली, "आबा, असं चालत नाही, बाई रागावतील." पण लिहिलं. तिच्या सायकल दुरुस्त करणाऱ्या बाबांवर लिहिलं. मग आम्ही त्या वाक्यात 'ॲरोगंट' घालून पाहिलं. तीच ओरडली, "शी! हे तर भांडण झालं!"

मीही हसलो. या वेळी दोघं मिळून.