डॉक्टरीणबाईंची ग्रँट

रात्री साडेअकराला कुणी तुमच्या खोलीचं दार वाजवून "तू मास कॉम केलंयस ना?" असं विचारलं, तर समजावं, फुकटचं काम आलंय.

२०२४ चा जून. बाहेर धो धो पाऊस, आत वाय-फाय बंद आणि दारात आमच्या डॉक्टरीणबाई. म्हणजे माझी रूममेट. वय ३१, लहान मुलांची डॉक्टर, एमडी झालेली, मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक हॉस्पिटलात नोकरीला. हातात लॅपटॉप आणि चेहऱ्यावर बारावीच्या निकालाच्या दिवशीचे भाव. एक ट्रस्ट तरुण डॉक्टरांना संशोधनासाठी पैसे देतो, त्याचा फॉर्म भरायचा होता. बावीस पानं बाईंनी एकटीने भरली होती. अडलं होतं शेवटच्या रकान्यापाशी. आपला विषय सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत ३०० शब्दांत लिहा!

"तो सामान्य माणूस म्हणजे तू," बाई म्हणाल्या.

आधीच कबूल करते, मी हो म्हटलं ते विज्ञानाच्या प्रेमापोटी नाही. बाईंना हैदराबादच्या एका बड्या खासगी हॉस्पिटलातून ऑफर होती, पगार जवळजवळ दुप्पट. ग्रँट मिळाली नाही तर त्या जाणार हे ठरलेलं. मग शिवडीच्या आमच्या दोन खोल्यांचं भाडं एकट्या फ्रीलान्स पत्रकाराच्या डोक्यावर! मानधनाचा चेक तीन-तीन महिने न येणाऱ्या माणसाला रूममेटची किंमत विचारा.

तर विषय काय? ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना मेथोट्रेक्सेट नावाचं औषध देतात. जुनं आणि भरवशाचं. वेगाने वाढणाऱ्या पेशींना फोलिक ॲसिड लागतं. हे औषध त्याचा वापरच रोखतं, त्यामुळे कॅन्सरच्या पेशींची रसद तुटते. पण आपल्या तोंडाच्या आतलं अस्तरही सतत नवं होत असतं. त्याचीही रसद तुटते. मग तोंडात जखमा होतात. काही मुलांना एखाद-दुसरी, तर काहींना इतक्या, की थुंकी गिळतानाही रडू यावं. बाईंना शोधायचं होतं ते एवढंच : उपचार सुरू होताना मुलाच्या रक्तात फोलेट किती आहे, यावरून पुढचा त्रास आधीच ओळखता येईल का? आमच्याकडे येणारी निम्मी पोरं मुळातच अशक्त असतात गं, म्हणाल्या.

मी रात्री दोनपर्यंत बसून ३०० शब्द लिहिले. सॉल्लिड झाले होते! 'क्रांतिकारक' हा शब्द दोनदा, 'हजारो चिमुकल्यांचं हसू' एकदा. सकाळी चहाबरोबर वाचायला दिले. बाईंनी वाचले, कप खाली ठेवला.

"मी कुणाला बरं करणार आहे, असं मी कुठं म्हटलंय?"

"अगं, म्हणायचं असतं. नाहीतर पैसे कोण देणार?"

"साठ मुलांचा अभ्यास आहे. कदाचित काहीच निघणार नाही. तेही लिही."

काहीच निघणार नाही, हे कुणी लिहितं का? आमच्या कोर्समध्ये पहिल्या वर्षी शिकवलेलं असतं, वाचकाला पहिल्या वाक्यात पकडा. पकडून मग काय सांगायचं, ते शिकवायचं बहुधा राहून गेलं. आम्ही दोन दिवस धड बोललो नाही. शेवटी 'क्रांतिकारक' गेला आणि त्याच्या जागी 'शक्यता' आली.

या निमित्ताने मला या जगाचे फंडे कळले, ते मजेशीर आहेत. संशोधनाला मोठा पैसा सरकारी संस्थांकडे. पण तिथे विचारतात, तुमचे प्राथमिक निष्कर्ष कुठे आहेत? निष्कर्ष काढायला पैसा लागतो, पैसा मिळायला निष्कर्ष लागतात. वेड गेल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. ही फट छोटे ट्रस्ट भरून काढतात. चार-सहा लाख रुपये, एखादं वर्ष. त्यातही अटी : वय अमुकच्या आत, हॉस्पिटलचं पत्र, एथिक्स कमिटीची मंजुरी. डॉक्टरचा पगार यातून घ्यायचा नाही, मोठी यंत्रं घ्यायची नाहीत. शेवटी सीएच्या सहीने पै-पैचा हिशोब द्यायचा. तपासणीचे किट परदेशातून यायचे, त्यांचे भाव डॉलरबरोबर वर-खाली. हे सगळं सांभाळून बाई ओपीडी काढणार आणि नाइटही करणार.

'सामान्य माणूस' म्हणून थोडं वाचायला घेतलं आणि वेगळ्याच गोष्टीत अडकले. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. सर दोराबजी टाटांनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला आणि त्याच वर्षी तेही गेले. या ट्रस्टच्या उत्पन्नाचे पाचातले चार भाग जगभरातल्या ल्युकेमियाच्या संशोधनाला, एक भाग भारतातल्या संशोधनाला. त्यातून इथल्या तरुण संशोधकांना शिष्यवृत्त्या मिळतात. १९३२ मध्ये ल्युकेमिया बरा करणारं औषध नव्हतं बरं का! मेहेरबाईंकडचा ज्युबिली हिरा २४५ कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. तो दोराबजींच्या मागे विकला गेला आणि पैसा त्यांच्या धर्मादाय ट्रस्टकडे आला. याच ट्रस्टने परळचं टाटा हॉस्पिटल उभारलं, १९४१ साली.

दुसरी गोष्ट यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची. आंध्रातल्या भीमावरमचे, मद्रासला डॉक्टरी शिकलेले. दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने स्प्रू या पोटाच्या आजाराने गेलेले. १९२२ मध्ये ते बोस्टनला निघाले, ते सासऱ्यांनी जमवलेल्या पैशांवर आणि काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेने दिलेल्या मदतीच्या आश्वासनावर. मल्लाडी सत्यलिंगम नायकर यांच्या नावाची ती संस्था. तिथे पोचल्यावर पोटासाठी हॉस्पिटलात रात्रपाळीची हमाली केली. पुढे अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत त्यांच्या हाताखालच्या लोकांनी फोलिक ॲसिड बनवलं आणि मग फोलिक ॲसिडला अडवणारी औषधंही. त्यातलंच एक, अमिनोप्टेरिन, सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिलं. १० मुलांमध्ये फरक दिसला, तात्पुरता का होईना. जून १९४८ मध्ये ते छापून आलं आणि ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, अवघ्या ५३ व्या वर्षी. बाईंचं मेथोट्रेक्सेट हे त्या अमिनोप्टेरिनचं भावंड.

काकीनाड्याच्या त्या विश्वस्तांसमोर सुब्बारावांनी 'क्रांतिकारक' वगैरे शब्द वापरले असतील? मला नाही वाटत. असो.

ऑक्टोबरमध्ये ट्रस्टकडून दोन ओळींची मेल आली. अर्ज चांगला आहे, परंतु या वर्षी. पुढचं वाचायची गरज नव्हती. "माझी कॉपी पाठवली असतीस तर," मी म्हटलं. बाई काही बोलल्या नाहीत. कुकर लावला. रात्री त्या फोनवर हैदराबादच्या एचआरशी बोलत होत्या आणि मी भिंतीपलीकडे नव्या रूममेटसाठी मेसेज टाइप करत होते. पाठवला मात्र नाही.

मग त्यांच्या एका सीनियर मॅडमनी गिरगावातला एक ट्रस्ट सुचवला. जुन्या व्यापाऱ्याचा, घरगुती म्हणावा असा. शाळेच्या फिया, वह्या, चष्मे यांना मदत करणारा. वर्षातून एक-दोन संशोधनंही घेतात, म्हणे. जानेवारी २०२५ मध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. मी सोबत गेले, आधार म्हणून. लाकडी जिना, लंबकाचं घड्याळ, फायलींनी भरलेली गोदरेजची कपाटं आणि टेबलापलीकडे पाच विश्वस्त, सगळे सत्तरीच्या पुढचे. मला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण दार उघडंच होतं.

बाईंनी इंग्रजीत सुरुवात केली. ओरल म्युकोसायटिस, फोलेट, ग्रेडिंग. पाच चेहरे कोरे. मला घाम फुटला. तेवढ्यात कडेच्या आजींनी हात वर केला.

"अहो डॉक्टर, म्हणजे तोंड येतं का मुलांना?"

"हो. तोंडच येतं."

"मग तसं सांगा ना! आमच्या ह्यांना केमोमध्ये आलं होतं. गार दूधसुद्धा झोंबायचं."

मी ३०० शब्द घासले, त्यात हा शब्द नव्हता. आपल्या घरातला, आईच्या तोंडातला शब्द! तिथून पुढे बाई मराठीतच बोलल्या आणि सुरेख बोलल्या. मग मधले आजोबा म्हणाले, "तुम्ही ज्या साठ मुलांचं रक्त घेणार, त्यांना यातून काय मिळणार?"

बाहेर बाकावर मी मनातल्या मनात उत्तर ओरडत होते. हसू! चिमुकल्यांचं हसू!

"त्यांना काहीच नाही," बाई म्हणाल्या. "उत्तर मिळालंच, तर नंतरच्या मुलांना उपयोग होईल. आईवडिलांना मी हेच सांगणार आहे."

घड्याळाचा लंबक ऐकू येत होता. मी डोळे मिटून भाड्याचा हिशोब केला.

मार्चमध्ये पत्र आलं. खरंखुरं, पोस्टाने. मागितले होते सहा लाख चाळीस हजार, मंजूर झाले चार लाख. सहायकाचा पगार पूर्ण कापलेला. तपासणीचे किट मंजूर. आणि गावाहून येणाऱ्या कुटुंबांचा प्रवासखर्च, जो उडणार म्हणून बाईंनी गृहीत धरला होता, तो मात्र पूर्ण ठेवलेला. समासात कुणीतरी शाईच्या पेनाने लिहिलं होतं : हे कमी करू नये.

हैदराबादला नाही कळवलं. त्या दिवशी बाईंनी स्वतःच्या पैशाने वडापाव आणले. आमच्या घरात ही नोंद घेण्यासारखी घटना आहे.

सहायक नाही, त्यामुळे रविवारची डेटा एंट्री आम्हा दोघींकडे. मला गोपनीयतेच्या कागदावर सही करावी लागली. मुलांची नावं मला दिसत नाहीत, फक्त क्रमांक. पुढे आठवड्यागणिक आकडा, ० ते ४. शून्य म्हणजे तोंड साफ. चार म्हणजे तोंडाने काहीच घेता येत नाही. साठपैकी आत्तापर्यंत तेवीस मुलं झालीत. काही निघतंय का, असं मी दर रविवारी विचारते आणि बाई दर रविवारी सांगतात, एवढ्यात बोलू नये.

गेल्या रविवारी सतरा नंबरच्या ओळीत होते. १, २, ३, ४, ४. माझं बोट कीबोर्डवर थांबलं. "याचं काय झालं पुढे?"

"सोमवारी पेज प्यायला," बाई म्हणाल्या. "पुढचा घे. अठरा."