सोबतीचा विषय

वीसलोखहून हायडेलबर्ग लोकलने पाव तासावर. इतक्या वर्षांत तिथे किती पाहुणे नेले याची गणतीच नाही. किल्ला, जुना पूल, फिलोसोफेनवेगवरून फोटो, आणि घरी येऊन पोहे. तरी झेमिनारश्ट्रासे मी गेल्या नोव्हेंबरपर्यंत धड पाहिली नव्हती. मुख्य रस्त्यापासून जवळच, विद्यापीठाच्या चौकालगत. तिथे रोमान्स भाषांचा विभाग आहे आणि आमची लेक तिथे स्पॅनिश शिकते.

तिचा मुख्य विषय संगणकीय भाषाविज्ञान, ७५ टक्के. त्याला घरात कुणाची हरकत नव्हती. नावात संगणक होता ना! उरलेल्या २५ टक्क्यांवरून मात्र दोन रविवारची जेवणं कडू झाली. हायडेलबर्गला या दुय्यम विषयाला 'बेग्लाइटफाख' म्हणतात, म्हणजे सोबतीचा विषय. तिच्या बाबांचं म्हणणं, सोबत घ्यायचीच तर अर्थशास्त्राची घे. माझं दुखणं वेगळं होतं. सातवी-आठवीपासून आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असंच चाललंय. सांगलीला आजीचा फोन "कशी आहेस? बरी आहे" एवढ्यावर आटोपायचा. आणि याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत, १९६२ साली निघालेल्या, गुंथर सोन्थायमर शिकवत होते. एक जर्मन माणूस मराठी शिकून खंडोबाचा, धनगरांचा अभ्यास करतो, वारीवर माहितीपट काढतो, आणि आमची मुलगी स्पॅनिश घेते! हे मी तिला बोलूनही दाखवलं. नको होतं बोलायला.

नोव्हेंबरात डबा घेऊन गेले, तेव्हा आम्ही मार्श्टालच्या मेन्सात बसलो. नदीकाठचं जुनं शस्त्रागार ते, आता तिथे मुलं जेवतात. तिने वही उघडली.

"आई, 'मला आंबा आवडतो' यातलं 'आवडतो' कुणाचं? माझं की आंब्याचं?"

"आंब्याचं. आंबे असले तर आवडतात."

वहीत तेच होतं. एकच आंबा असेल तर 'मे गुस्ता', अनेक असतील तर 'मे गुस्तान'. वर्गातली जर्मन मुलं इथे अडखळतात, कारण त्यांच्या नेहमीच्या वाक्यात क्रियापद 'मी'ला धरून चालतं. हिला पहिल्याच तासाला जमलं. बाईंनी कसं काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माझ्या आईच्या भाषेत असंच आहे."

आईच्या भाषेत. माझा घास तिथेच अडला. ती पुढे बोलत होती.

मला वाटलं होतं, मॅक्स म्युलर भवनात आम्ही जर्मन शिकलो तसाच हा भाषेचा क्लास असेल. तसं नाही. बोलण्याच्या जोडीला साहित्य आहे, भाषाविज्ञान आहे, लॅटिनपासून या भाषा कशा फुटल्या ते आहे. आपली चावी, साबण, पाव, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, आणि स्पॅनिश ही पोर्तुगीजची बहीण. लॅटिन 'क्लाविस'चं स्पॅनिशमध्ये 'याव्हे' झालं, पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह'. पण पूर्वी तिथे 'च' म्हणत, तो आपल्या चावीत राहून गेला. पावाला मात्र स्पॅनिशमध्ये 'पान' म्हणतात. आमच्याकडे विडा मागायचा तर पंचाईत!

त्या संध्याकाळी तिने स्वतःहून सांगलीला फोन लावला. आजीकडून असे शब्द हवे होते. आजीने घमेलं दिलं, फीत दिली. मग म्हणाली, "न्हाणीच्या दाराची बिजागरी कुरकुरते बघ, सुतार येतच नाही." लेक ओरडलीच, "बिजागरी! स्पॅनिशमध्ये बिसाग्रा!" मग सुतार, दार, पावसात फुगलेली चौकट, पाऊण तास. मी गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

उत्तरं अजून बरीचशी जर्मनमध्येच येतात. पुढच्या वर्षी एरास्मुसवर एक सत्र स्पेनला जायचं म्हणते. आजीने विचारलंय, तिकडे पाव तरी चांगला मिळतो का.

"पाव नाही गं आजी, पान."